बैलाचे पोट, घरचा हिंग आणि कुलूपबंद दवाखाना



कापसाचा भाव, वीजबिल, कर्ज हे नेहमीचे विषय बाजूला ठेवून या अंकात आम्ही बैलाच्या पोटावर लिहीत आहोत. काहीजण हसतील. ज्याच्या दावणीला जोडी आहे तो हसणार नाही. मालेगाव तालुक्यात, किन्हीराजाच्या शिवारात काय नि भोवतालच्या गावांत काय, कोरडवाहू शेतकरी अजून वखर-डवऱ्याला बैल जुंपतो. नांगरटीला ट्रॅक्टर भाड्याने मिळतो, पण पऱ्हाटी गुडघ्याला आली की तासातून डवरा बैलाचाच चालतो. पेरणीच्या तोंडावर जोडीतला एक पोट फुगून मेला तर दुसरा दावणीला उभा राहून नुसता चारा खातो. शेजारी आपली जोडी देतो, नाही असे नाही. पण स्वतःची पेरणी आटोपल्यावर. तोवर ओल उडालेली असते.

रात्री बैल फुगला की आपण दवाखान्याकडे धावत नाही, चुलीकडे धावतो. हिंग, ओवा, सुंठ, काळे मीठ, गोडेतेल. या औषधांबद्दल दोन तऱ्हेची माणसे बोलतात आणि दोघांचेही बोलणे आम्हाला मान्य नाही. एक शहरातले. त्यांना आपल्या म्हाताऱ्यांच्या ज्ञानाचा फार उमाळा येतो. व्याख्यानात ते सांगतात, शेतकऱ्याने इंजेक्शनाच्या नादी लागू नये, झाडपाल्याकडे वळावे. स्वतःचे पोट दुखले की मात्र हे थेट सोनोग्राफीला जातात. दुसरे खात्यातले. त्यांच्या लेखी हे सारे अडाणीपण. सकाळी येऊन मेलेला बैल बघायचा आणि म्हणायचे, काय काय पाजलेत, म्हणून मेला.

आमचे म्हणणे असे की घरचे औषध खरे आहे, त्यात गुण आहे, पण ते पहिल्या तासाचे औषध आहे. पुढच्या तासाला डॉक्टर पाहिजे. आणि काही दुखणी अशी आहेत की त्यांत पहिला तासही घरच्या औषधाला देता येत नाही.

आधी गुणाचे बोलू. बैलाच्या डाव्या बाजूला कोठीपोट असते. चारा तिथे आंबतो, वायू होतो, आणि बैल तो ढेकरातून बाहेर टाकतो. ढेकर अडला की डावी भकाळी फुगते, टिचकी मारली तर डफासारखी वाजते. बैल रवंथ सोडतो, दात खातो, मागचे पाय झाडतो. फुगलेले पोट काळीज-फुफ्फुसावर दाबते आणि जनावर गुदमरून मरते. म्हणजे पोटफुगीत मरण येते ते श्वासाने. म्हणूनच येथे वेळेला किंमत आहे.

ओला कोवळा द्विदल चारा, लसूणघास, बरसीम, अशाने जी फुगी येते तिच्यात वायू साबणाच्या फेसासारखा अडकलेला असतो. तेल या फेसाला फोडते. आपल्या आजोबांनी अर्धा लिटर जवसाचे किंवा करडईचे तेल पाजले ते उगाच नव्हे. पशुवैद्यकाच्या पुस्तकातही फेसाळ पोटफुगीवर तेलच आहे. तेलात तोळाभर हिंग खलून घालतात. ओवा, सुंठ, काळे मीठ यांनी पोटाची हालचाल वाढायला मदत होते. टर्पेंटाईनही जुने औषध आहे, पण अर्धा लिटर तेलात तीस मिलिलिटरच्या आसपास. नुसते पाजले तर तोंड-घसा भाजतो. बैलाचे पुढचे पाय उंचवट्यावर येतील असा उभा करायचा आणि लगामासारखी कडुनिंबाची काडी तोंडात आडवी बांधायची. तो ती चघळत राहतो, लाळ सुटते, ढेकर मोकळा होतो. ही युक्ती ज्याने शोधली त्याचे नाव कुणाला माहीत नाही, पण तिने किती बैल वाचले असतील.

राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाने गेल्या काही वर्षांत अशा घरगुती कृती छापून वाटल्या आहेत. अपचन आणि पोटफुगीसाठी त्यांनी दिलेले सामान पाहा: कांदा, लसूण, आले, जिरे, मिरे, हळद, वाळलेली मिरची, विड्याची पाने, गूळ. कालपर्यंत अडाणीपणाचा म्हणून हिणवलेला काढा आता सरकारी शिक्क्यानिशी परत आला. आला त्याचे स्वागत आहे. एक बदल मात्र चांगला झाला आणि तो आपणही घ्यावा: त्यांनी मापे दिली. आपल्याकडे मूठभर, चिमूटभर, अंदाजाने. एकाची मूठ आणि दुसऱ्याची मूठ सारखी नसते, आणि चार क्विंटलचा बैल नि दीड महिन्याचे वासरू यांना एकच बाटली पाजली जाते.

हगवणीचे तसेच. बेलफळाचा गर, कुड्याची साल, डाळिंबाची साल, बाभळीची साल ही सारी तुरट. तुरटपणाने आतड्याला आवळ बसतो आणि पातळ शेण घट्ट होते. चारा बदलल्यामुळे, पहिल्या पावसाचे कोवळे गवत खाल्ल्यामुळे लागलेली साधी हगवण याने थांबते. पण शेणात रक्त पडत असेल, अंगात ताप असेल, तर साल उकळत बसू नये. वासराला जंतावर पळसपापडी देतात. तिच्यात गुण आहे, तसे जास्तीचे विषही आहे. मापाशिवाय ती देणे आम्हाला पसंत नाही.

आता पाजण्याबद्दल. औषध बरोबर आणि पाजणे चुकीचे, यात किती जनावरे जातात याचा हिशोब कुणी ठेवत नाही. जीभ बाहेर ओढून, मान आकाशाला लावून बाटली उपडी केली की औषध घशातून फुफ्फुसात उतरते. बैल त्या दिवशी मरत नाही. तीन-चार दिवसांनी धाप लागते, ताप चढतो, मग मरतो, आणि आपण म्हणतो नशीब. मान जमिनीला समांतर किंवा जराशीच वर, जीभ मोकळी, घोट घोट, ठसका लागला की थांबायचे. आडवा पडलेल्या, मान टाकलेल्या जनावराला तोंडाने काहीही पाजायचे नाही. नाकातून पाजणारेही काही बहाद्दर आहेत. त्यांच्या हातून बाटली काढून घ्यावी.

यापुढचा भाग ज्वारी पेरणाऱ्या प्रत्येकाने घरात वाचून दाखवावा. पावसाने ताण दिला, ज्वारी कोवळीच सुकू लागली, वाढ खुंटली, की तिच्यात विष वाढते. कापणीनंतर बुडख्याला फुटणारे हिरवे पोंगे तर त्याहून वाईट. आपण याला किराळ लागणे म्हणतो. कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचे द्रव्य असते. जनावराने ते चावले, पोटात गेले, की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटते. हे सायनाइडच. रक्तात प्राणवायू असतो पण शरीराला तो वापरता येत नाही. रक्त लालभडक दिसते, बैल जोरजोरात श्वास ओढतो, तोंडाला फेस येतो, अंग थरथरते, तोल जातो, पडतो. कधी पंधरा मिनिटांत खेळ आटोपतो. पोटही फुगलेले दिसते, म्हणून घरचा माणूस त्याला पोटफुगी समजून हिंग-तेल शोधायला आत पळतो. तिथेच बैल हातचा जातो. यावर हिंग नाही, ताक नाही, मंत्र नाही. सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट ही दोन औषधे शिरेतून द्यावी लागतात, तीही डॉक्टरने, आणि ताबडतोब.

म्हणून ज्वारी निसवून फुलोऱ्यात येईपर्यंत तिच्यात ढोर शिरू द्यायचे नाही. कापणी झालेल्या वावरात फुटवे आले असतील तर गायक्याला आधी बजावायचे. कापून नीट वाळवलेल्या कडब्यात हे विष बरेच उतरते, म्हणून वैरणीची ज्वारी वाळवूनच घालायची.

असाच दुसरा घोटाळा पोळ्याचा. वर्षभर कुटार खाणाऱ्या बैलाला एका दिवशी पुरणपोळ्या, कणकेचे गोळे, घुगऱ्या. प्रेम आहे, समजते. पण एवढे पीठ-धान्य एकदम कोठीपोटात पडले की आंबट होऊन पोटातच आम्ल तयार होते. खळ्यावर ज्वारीच्या राशीत तोंड घातलेल्या बैलाचेही तेच. असा बैल सुस्त होतो, रवंथ सोडतो, आंबूस वासाचे पातळ शेण टाकतो. त्याला गूळ घालून काढा पाजला तर आगीत तेल. येथे खायचा सोडा पाण्यातून उपयोगी पडतो. पण तोच सोडा युरिया खाल्लेल्या बैलाला दिला तर घात होतो. युरियाची पोती धुतलेले पाणी, फवारणीसाठी ड्रमात कालवलेला युरिया बैल पितो, अर्ध्या-एक तासात थरथर कापतो, हंबरतो, फुगतो. तिथे आम्ल लागते: व्हिनेगर आणि भरपूर थंड पाणी. पोट दोघांचेही फुगते. एकाला सोडा, दुसऱ्याला व्हिनेगर. बैलाने काय खाल्ले हे ज्याने पाहिले त्याने आधी तोंड उघडले पाहिजे. पोराने ड्रम उघडा ठेवला असेल तर त्याला मार पडेल या भीतीने तो बोलत नाही. त्याला आधी सांगा, मारणार नाही.

कपाशीवरच्या फवारणीचे विष हेही पोटाचे दुखणे वाटते. लाळ गळते, डोळ्यांतून पाणी येते, हगवण लागते, बाहुली बारीक होते. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने माणसे मेली, ते आपण विसरलो नाही. त्याच वावराच्या धुऱ्यावरचे गवत आपण कापून बैलाला घालतो.

आणि एक. बैल दर आठ-पंधरा दिवसांनी फुगत असेल, औषधाने उतरतो नि पुन्हा फुगत असेल, तर पोटात तार, खिळा किंवा प्लास्टिक आहे असे समजावे. त्याला काढे पाजत राहणे म्हणजे दिवस ढकलणे.

थोडे घोड्याबद्दल. घोडा आता लग्नाच्या वरातीपुरता राहिला, तरी ज्यांच्याकडे आहे त्यांनी बैलाची बाटली घोड्याला लावू नये. घोड्याचे पोट एक कोठीचे आणि लहान. तो रवंथ करत नाही, बैलासारखा ढेकर देऊन वायू काढू शकत नाही आणि उलटीही करू शकत नाही. पोट दुखले की तो पाय आपटतो, वळून कुशीकडे बघतो, लोळतो. चारा-दाणा बंद करायचा, हळूहळू चालवायचा आणि डॉक्टर बोलवायचा. तोंडाने तेल ओतू नये.

घोड्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. घोड्याच्या वैद्याला जुन्या मराठीत सालोत्री म्हणत. शालिहोत्र या नावावरून तो शब्द आला. त्याच्या नावावर घोड्याच्या वैद्यकाचा ग्रंथ आहे, इतरही ग्रंथ आहेत, हत्तीच्या वैद्यकाचाही आहे. घोडा आणि हत्ती राजाचे. बैल कुणब्याचा, त्याच्या औषधाला तेवढे मोठे ग्रंथ मिळाले नाहीत, ते म्हाताऱ्यांच्या तोंडीच राहिले. इंग्रज आला तरी वेगळे काय झाले? मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय 1886 साली निघाले, पुण्यात 1889 साली जनावरांच्या रोगांची प्रयोगशाळा निघाली आणि 1893 साली ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला गेली. पण त्या काळी लष्कराला घोडे लागत, म्हणून घोडेपैदास हे खात्याचे मोठे काम होते. ज्याच्या मानेवर सारा महसूल वाहिला जात होता त्या बैलाकडे लक्ष गेले ते बुळकांडीने गावेच्या गावे रिकामी केल्यावर.

बुळकांडी आठवणारे अजून आपल्यात आहेत. जनावर हगून हगून चार दिवसांत मरायचे. गावोगाव झाडपाला वाटला, धूर केले, वेशीला दोरे बांधले. थांबली नाही. थांबली ती लशीने. देशातला शेवटचा उद्रेक 1995 सालचा, आणि 2011 साली सगळ्या जगातून रोग संपल्याचे जाहीर झाले. माणसांची देवी संपली त्यानंतर जगातून संपवलेला हा दुसराच रोग. झाडपाल्याच्या भक्तांनी हे लक्षात ठेवावे. आणि खात्यानेही लक्षात ठेवावे की त्यांचे खाते जेव्हा गावात येऊन दावणीपाशी उभे राहिले तेव्हाच हे झाले.

आज ते दावणीपाशी उभे राहते का? कायदा मोठा कडक आहे. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे उपचार नोंदणी झालेल्या पदवीधरानेच करायचा. पदविकावाल्याने त्याच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा द्यायच्या. ठीक आहे, भोंदूंपासून जनावर वाचले पाहिजे. पण पदवीधराची जागा रिकामी, देखरेख करणाऱ्याकडे तीन-तीन दवाखान्यांचा भार, संध्याकाळी दाराला कुलूप, आणि पोटफुगी तर संध्याकाळी चरून आल्यावरच होते. मग गावातला म्हातारा बैलाला तेल पाजतो तेव्हा त्याला अडाणी म्हणायचा अधिकार कुणाला? 1962 या क्रमांकावर फोन केला की फिरते पथक येते असे सांगतात. फोन जरूर करा, आणि केल्याची वेळ नि पथक आल्याची वेळ वहीत लिहून ठेवा. बैठकीत तोंडी तक्रारीला कुणी विचारत नाही, वहीला विचारतात.

याहून खोलातली गोष्ट चाऱ्याची आहे. बैलाचे पोट बिघडते ते बहुतेक वेळा त्याला खायला काय मिळते त्यामुळे. आपल्या भागात ज्वारी होती तोवर कडब्याच्या गंज्या होत्या. ज्वारी का गेली? सत्तरच्या दशकात लेव्ही लावून ती पडत्या भावाने उचलली. नंतर स्वस्त धान्याच्या दुकानात गहू-तांदूळ आला आणि ज्वारीला बाजारही राहिला नाही. 1964 साली सीएसएच-1 आली तेव्हापासून संकरित वाणांनी दाणा वाढवला. धाट आखूड झाले, पण दाण्याला भाव मिळाला असता तर शेतकऱ्याने चाऱ्याची वेगळी सोय केली असती. आम्ही नव्या बियाण्याच्या विरोधात कधीच नव्हतो, नाही. भाव नाही म्हणून ज्वारी मोडली आणि वाशिमच्या शिवारात सोयाबीन आले. सोयाबीनचे कुटार कोरडे, राठ. त्यावर बैल जगतो, पण पाणी कमी पडले की पोट गच्च धरतो. सरकी ढेप घालावी तर तिचा भाव कपाशीवाल्यालाच परवडत नाही. सरकी आपलीच, ढेप विकत. मग उन्हाळ्यात ढोर उकिरड्यावर जाऊन प्लास्टिक खाते. हिंगाने याचे काय होणार? ज्वारीच्या दाण्याला परवडणारा भाव मिळाला तर अर्ध्या बैलांची पोटे आपोआप नीट होतील, असे आमचे मत आहे.

त्यात 2015 सालच्या कायद्याने आणखी एक घाव घातला. गायीच्या कत्तलीला 1976 च्या कायद्याने बंदी होतीच, ती बैलालाही लावली. म्हातारा, पोटाचा रोगी बैल विकून चार पैसे उभे करायचे आणि त्यात भर घालून नवा घ्यायचा, हा शेतकऱ्याचा जुना हिशोब मोडला. अधू बैलाची किंमत शून्य झाली. ज्यांना बैलाची दया आली त्यांनी त्याच्या वैरणीची किंवा रात्रीच्या डॉक्टरची सोय केलेली आम्ही पाहिली नाही. अशा वेळी बैल वाचवणे ही नुसती भूतदया राहत नाही. मेला की सगळीच रक्कम बुडते.

तेव्हा पुढच्या जिल्हा बैठकीसाठी दोन कामे. पहिले काम गावाचे. घरातल्या म्हाताऱ्या बाया-माणसांना विचारून पोटाच्या औषधांची कृती वहीत उतरवा: वनस्पतीचे गावातले नाव, कोणता भाग, ग्रॅममध्ये किती, बैलाला किती नि वासराला किती, कशावर गुण आला आणि कशावर आला नाही. गुण आला नाही तेही लिहायचे, ते जास्त महत्त्वाचे. बायांना आधी विचारा, कारण हिंगाची डबी त्यांच्या हातात असते. या वह्या आपण अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थेकडे आणि नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे तपासायला द्यायच्या. तपासून खोटे ठरेल ते टाकून देऊ. खरे ठरेल त्याच्या पुड्या बांधून उद्या कुणी आपल्यालाच विकू लागला, तर या वह्या आपल्या हाती असल्या पाहिजेत.

दुसरे काम मागणीचे. तालुक्यातल्या प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात, श्रेणी एक असो वा दोन, जूनपासून पिके निघेपर्यंत सोडियम नायट्राइट, सोडियम थायोसल्फेट आणि अॅट्रोपीन यांचा साठा आहे की नाही ते फळ्यावर लिहिलेले असावे. कोठीपोटातला वायू काढायची जाड पोकळ सुई, ट्रोकार, प्रत्येक दवाखान्यात असावी, आणि पेरणीच्या दोन महिन्यांत रात्रपाळी लावावी. ज्या गावांत असा फळा आहे त्यांनी तारखेसह उतरवून आणावे. ज्या गावांत नाही त्यांनी दवाखाना किती वाजता उघडला नि किती वाजता बंद झाला, एवढे आठ दिवसांचे टिपण आणावे. किन्हीराजाकडच्या गावांनी आपापल्या वह्या बैठकीच्या आदल्या दिवशी एकत्र करून द्याव्यात, म्हणजे निवेदनासोबत जोडता येतील.